मधली बारा पानं

आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना गुण द्यावे लागतात. सक्ती नाही, पण न देणाऱ्याकडे ग्रंथपालबाई चष्म्यावरून अशा बघतात की माणूस निमूटपणे पेन मागतो. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पत्रक चिकटवलेलं असतं. त्यावर तारीख, सही, दहापैकी गुण आणि एका ओळीत अभिप्राय. वर्षभरात सगळ्यात जास्त पुस्तकांवर अभिप्राय लिहिणाऱ्याला वार्षिक सभेत 'उत्तम वाचक' म्हणून ढाल मिळते. ढाल पितळेची आहे आणि गेली सहा वर्षं ती गणिताच्या सरांच्या दिवाणखान्यात आहे.

मी मागच्या खोलीत पुस्तकं बांधते. बाबा होते तोवर हेच काम ते करायचे, याच टेबलावर, याच उंच स्टुलावर बसून, आणि मी त्यांच्या हाताखाली. टेबलासमोर एक सरकती खिडकी आहे, तिच्यातून वाचकांची खोली दिसते. फाटकी पुस्तकं या खिडकीतून आत येतात आणि धडकी होऊन बाहेर जातात.

बांधणी करताना मी पत्रकं वाचते. मला तेवढीच करमणूक. वाचकांचे अभिप्राय वीस वर्षं वाचले की त्यांचा खरा अर्थ कळायला लागतो. 'ओघवती भाषा' म्हणजे पहिली वीस पानं वाचली. 'विचार करायला लावणारं' म्हणजे झोप लागली. 'अनपेक्षित शेवट' म्हणजे शेवटचं पान आधी वाचून घेतलं. आणि सगळ्यात बिनधोक अभिप्राय म्हणजे 'मधला भाग रेंगाळतो'. हा कुठल्याही पुस्तकाला चालतो आणि लिहिणारा चोखंदळही दिसतो. पुस्तकाच्या कडांना मात्र थापा मारता येत नाहीत. बोटं जिथवर पोचली तिथवर कागद मळलेला असतो, पुढे कोरा करकरीत. हा म्हणतो संपवलं, कडा म्हणते बावन्नाव्या पानावर टाकलं. मी कुणाला काही बोलत नसे. आपल्याला काय करायचंय?

मग एका सकाळी बाबांचं पुस्तक दुरुस्तीला आलं.

बाबांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. एका किल्लीवाल्याची गोष्ट. त्याच्याकडे एक बाई बंद कुलूप घेऊन येते, तिथून ती सुरू होते. एका छापखानेवाल्या मित्राने तपासणीसाठी छापील कागदांचा एक संच काढून दिला, बाकीचे नंतर छापू म्हणाला आणि वर्षभरात त्याचा छापखानाच बंद पडला. त्या एका संचाची बांधणी बाबांनी स्वतः केली आणि प्रत वाचनालयाला दिली. म्हणजे जगात या पुस्तकाची एकच प्रत आहे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पुस्तक कपाटात नऊ वर्षं होतं.

पाठ सैल झाली होती. शिवण बघायला मी मधून उघडलं आणि बोट अडलं. पान एकशे एकोणतीस. उलटलं तर एकशे छत्तीस.

इथे थोडं कामाचं सांगावं लागेल. छापलेला मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानांची घडी होते. अशा घड्या शिवून पुस्तक होतं. शेवटी तिन्ही कडा कापतात तेव्हा दुमडी सुटतात आणि पानं मोकळी होतात. एखादी घडी दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत राहिली तर पातं तिच्यापर्यंत पोचत नाही. मग सोळापैकी बारा पानं आतल्या आत बंद राहतात. ती वाचायची तर सुरी घालून दुमड फोडावी लागते. बाबांच्या पुस्तकात नेमकी एक घडी तशी होती. एकशे एकोणतीसनंतर सहा पानं बंद, मग छत्तीस आणि सदतीस ही समोरासमोरची दोन पानं उघडी, मग पुन्हा सहा बंद, आणि एकदम एकशे चव्वेचाळीस.

चाळीस वर्षांत बाबांच्या हातून अशी चूक झाली नव्हती. घडी हिशेबाने आत बसवली होती.

एकशे एकोणतिसाव्या पानावरचं शेवटचं वाक्य असं आहे: 'किल्ली फिरली तशी ती बाई म्हणाली, थांबा, दार उघडण्याआधी मला एक'. आणि छत्तिसाव्यावर पहिल्याच ओळीत किल्लीवाला पाणी पितोय. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं की मधलं काहीतरी राहिलंय.

मी पत्रक उघडलं. दहा ओळी होत्या. पहिली सोडा. बाकीच्या नऊ मी एकेक करून वाचल्या. औषधांच्या दुकानाचे मालक, दहापैकी पाच: 'मधला भाग रेंगाळतो.' गणिताचे सर, साडेचार: 'मध्यंतरानंतर पकड सुटते.' ग्रंथपालबाई, सहा: 'प्रयत्न चांगला, मध्ये कात्री हवी होती.' नऊजणांनी नऊ प्रकारे मधल्या भागाला नावं ठेवली होती, आणि मधला भाग बंद होता. त्यात कधी कुणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं.

तेव्हा मला ती सुरी आठवली. बाबांकडे कागद फोडायची एक लाकडी सुरी होती, बोथट, वापरून गुळगुळीत झालेली. एरवी ती खणात असे. पण त्यांचं पुस्तक कुणी घरी नेलं की ती खणातून बाहेर यायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडली जायची. कुणी खिडकीशी आलं की बाबा हातातलं काम थांबवून मान वर करायचे. पुस्तक परत आलं की सुरी पुन्हा खणात. मला वाटायचं, म्हातारपणचा चाळा असेल. आता कळलं, बाबा वाट बघत होते. ज्याने खरंच वाचलं असतं तो एकशे एकोणतिसाव्या पानावर अडला असता आणि सुरी मागायला खिडकीशी आला असता. सात वर्षं त्यांनी सुरी बाहेर काढली आणि आत ठेवली. कुणी आलं नाही.

मला इतका संताप आला की दाभण बोटात घुसल्याचं रक्त पुठ्ठ्यावर पडल्यावर कळलं.

त्याच दिवशी मी नऊ कार्डं लिहिली. 'आपण अभिप्राय दिलेल्या अमुक पुस्तकातील बारा पाने आजवर उघडली गेलेली नाहीत. येत्या वार्षिक सभेत हे पुस्तक, पत्रकासह, सर्वांना पाहण्यासाठी ठेवण्यात येईल.' खाली सही. ढाल ज्या टेबलावर ठेवतात त्याच टेबलावर पुस्तक ठेवायचं मी ठरवलं होतं. चारचौघांत नाक कापलं जाणं म्हणजे काय ते एकदा कळू दे म्हटलं सगळ्यांना.

मला वाटलं, लोक तोंड चुकवतील. तसं झालं नाही. चौथ्या दिवशी औषधवाले खिडकीशी येऊन उभे राहिले. मी जिभेला धार लावून बसलेच होते.

"ताई, ती पानं उघडता येतील का?"

"सभेत उघडू की. सगळ्यांसमोर."

"तसं नाही. मला वाचायचीत."

"नऊ वर्षांनी जाग आली?"

त्यांनी ते मनावर घेतलंच नाही. खिडकीच्या चौकटीला धरून खाली बघत म्हणाले, "गेल्या वर्षी मुलीचं लग्न झालं. सकाळी बुटाची नाडी बांधत होतो ते आठवतं. मग गाडीची काच खाली करून ती हात हलवतेय ते आठवतं. मधलं नाही. फोटोत मी आहे ताई. हसतोय, भाषणसुद्धा केलंय. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही जे बोललात ते मी जन्मभर विसरणार नाही. मी काय बोललो ते तिला विचारायचं कसं?"

"काहीच आठवत नाही?"

"मधे एकदा पाणी प्यायलो. तेवढं स्वच्छ आठवतं. हातात पेला होता."

मी त्यांना पाठवून दिलं. साठी उलटली की असं होतं, डॉक्टरला दाखवा म्हटलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी गोंदावर, दोऱ्यावर आणि पात्याच्या धारेवर विश्वास ठेवणारी बाई आहे.

दुसऱ्या दिवशी सर आले. सर नेहमी मोठ्याने बोलत. त्या दिवशी त्यांनी खिडकी स्वतः सरकवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "किती पानं म्हणालात?"

"बारा."

"सलग?"

"नाही. सहा बंद, मग दोन उघडी, मग परत सहा."

सरांनी टेबलाची कड पकडली. "म्हणजे मधे एक फट आहे," ते म्हणाले. "बरोबर. माझ्याही मधे फट आहे."

त्यांचा मुलगा अकरा वर्षांनी एका दिवसासाठी घरी आला होता. सरांना दार उघडल्याचं आठवत होतं आणि टॅक्सीचे मागचे दिवे आठवत होते. मधे फक्त मुलगा खिडकीचा पडदा बाजूला करतोय एवढंच. बाकीचा दिवस गेला. मुलगा त्यानंतर रोज फोन करतो, पूर्वी कधी करत नसे. त्या दिवशी बापलेकांत काहीतरी मिटलं होतं, आणि काय मिटलं ते सरांना माहीत नव्हतं.

"कधीपासून होतंय हे?"

"दोन वर्षं. रोजचं सगळं नीट आठवतं. दूध आणलं, बिल भरलं, पेपर वाचला. जे महत्त्वाचं असतं त्याचाच मधला भाग जातो." मग ते म्हणाले, "तुमचे बाबा कधी गेले?"

मी पुठ्ठा कापायला घेतला. उत्तर त्यांना नकोच होतं.

आठवडाभरात बाकीचेही येऊन गेले. कुणाची आईशी झालेली शेवटची भेट गेली होती, कुणाचं पहिलं नातवंड हातात घेतलेलं. प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट आठवत होता, मधे दोन पानांची फट. सगळ्यांचं मागणं एकच होतं. सुरी द्या, पानं उघडू द्या, वाचू द्या.

मला आनंद झाला. तो मी लपवत नाही. पुस्तक मी टेबलाखालच्या कपाटात कुलपात ठेवलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. ज्यांनी माझ्या बापाचा मधला भाग न वाचता कापायला सांगितला, त्यांचा मधला भाग कुणीतरी कापत होतं. कोण, कसं, ते मला जाणून घ्यायचं नव्हतं. हात अगदी सफाईचा होता, एवढं मात्र कळत होतं. रांगेत उभं राहून ते विनवत आणि मी सुईत दोरा ओवत म्हणत असे, "सभेपर्यंत थांबा."

सभेला पाच दिवस असताना ग्रंथपालबाई आल्या. त्या खिडकीशी थांबल्या नाहीत, आत येऊन स्टुलावर बसल्या. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून त्या मला ओळखतात.

"अगं, यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया आहे उद्या. डॉक्टर म्हणाले, वाचतील, पण बोलणं राहील की नाही सांगता येत नाही. आत नेण्याआधी एक तास देणार आहेत आम्हाला दोघांना."

मी शिवणीचा दोरा ओढत राहिले.

"बेचाळीस वर्षांचा संसार आहे. मला तो तास हवाय. माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. आज पानं उघड. मी इथे बसून वाचते, तुझ्यासमोर, शब्दन् शब्द."

"सहा गुण दिले होते तुम्ही," मी म्हटलं. "मध्ये कात्री हवी होती म्हणे."

"चुकले."

"बाबा सात वर्षं सुरी मांडून बसले होते, बाई. तुमचं टेबल तर इथून दहा पावलांवर."

"चुकले म्हटलं ना. पाया पडू का तुझ्या?"

"सभेत या."

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. रागावल्या नव्हत्या, तेच मला आवडलं नाही. "पत्रकावरची पहिली ओळ कुणाची आहे गं?" त्यांनी विचारलं. "शिक्का मीच मारला होता." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना तो तास मिळाला. त्यांना त्याचं काय आठवतं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. यजमान वाचले. बोलत नाहीत. बाई तिसऱ्या दिवशी कामावर आल्या आणि मुकाट्याने पुस्तकांवर तारखा मारत बसल्या. खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

आता पहिल्या ओळीचं सांगते.

पुस्तक बांधून झालं तेव्हा बाबांनी ते सगळ्यात आधी माझ्या हातात दिलं. वर ती लाकडी सुरी ठेवून दिलं. मला तेव्हा फार कामं होती, काय ते आता आठवतही नाही. दोन दिवसांनी मी पुस्तक आणि सुरी दोन्ही परत केली.

"सुरी लागली नाही?" बाबांनी विचारलं.

"कशाला लागेल?"

"काही नाही. आवडलं?"

"एका बैठकीत संपवलं. मधला भाग तर फारच छान."

बाबांनी मान हलवली, पत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि सुरी खणात ठेवली. मी दहापैकी दहा दिले. मायेनेच दिले होते. त्यानंतर पुस्तकाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

बाबांच्या आजारपणाचं मला असं आठवतं: मंगळवारी दवाखान्यात त्यांचं नाव नोंदवताना पेनातली शाई संपली. मग एकदा बाबांचा हात चष्मा चाचपतोय आणि मी तो देतेय. मग मी त्यांच्या चपला पिशवीत घालून पायऱ्या उतरतेय. मधे बारा दिवस होते. दुःखाने असं होतं, असं सगळे म्हणाले, आणि मीही ते धरून चालले होते.

बाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी मी आत्याला फोन केला.

"आत्या, बाबा शेवटी माझ्याशी बोलत होते का गं?"

"अगं असं काय विचारतेस? बाराही दिवस तुमचं दोघांचंच चाललं होतं. मी आले की दादा गप्प व्हायचा."

"काय बोलत होते?"

"ते तुलाच ठाऊक. कसलीशी गोष्ट सांगत होता वाटतं. आधी तू हसायचीस. शेवटच्या दिवशी मात्र त्याचे पाय धरून रडत होतीस. नाही वाचलं बाबा, नाही वाचलं, एवढंच म्हणत होतीस."

"मग ते काय म्हणाले?"

"मी दाराबाहेर होते गं. ऐकू नाही आलं."

सभा होती त्या सकाळी अकरा वाजता मी कुलूप काढलं. सभेत पुस्तक ठेवायचं मनातून गेलं होतं. मला आता नऊजणांशी काही देणंघेणं नव्हतं. बाबा काय म्हणाले, माफ केलं की नाही, एवढंच हवं होतं, आणि ते कुठे असलंच तर या बारा पानांत होतं. मी खिडकी लावली, दार लावलं, खणातून लाकडी सुरी काढली आणि एकशे एकोणतिसाव्या पानाशी दुमडीत घातली.

कागद फाटल्याचा आवाज आला, कोरडा, लांबलचक. पान एकशे तीस. वर बाबांच्या गोष्टीचा टाइप. मी पहिला शब्द वाचला.

पुस्तक मिटलेलं होतं. खिडकीच्या फटीतून येणारं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं होतं. गाल ओले होते. घड्याळात चार वाजले होते.

पुस्तक उघडून पाहिलं. बाराही पानं सुटी होती, कडांना फाटक्या कागदाचे तंतू. पानांच्या कोपऱ्यांवर माझ्या बोटाचे डाग, बाराव्यापर्यंत. मी सगळं वाचलं होतं. मधली दोन उघडी पानं मला आठवत होती, किल्लीवाला पाणी पितो ती. बाकी काही नाही.

पत्रकावर अकरावी ओळ आली होती. आजची तारीख, माझं अक्षर, माझी सही. दहापैकी दहा. 'मधला भाग तर फारच छान.'

सुरी टेबलावर नव्हती. खणात होती.

दुसऱ्या दिवशी मी परत वाचलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. वेगळ्या खुर्चीत बसून वाचलं, मोठ्याने वाचलं, एकेक शब्द वहीत उतरवत वाचलं. वहीत नंतर एकच वाक्य सापडलं, पानभर, पत्रकावरचं तेच. सुरी मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून बसते, एकदा तर दोऱ्याने मनगटाला बांधून बसले. ती खणात असते. दोऱ्याची गाठ नीट सोडवलेली असते, दोरा गुंडाळून शेजारी ठेवलेला. बाबा दोरा कधी वाया घालवत नसत.

सर परवा भेटले. सभेच्या दिवसापासून त्यांचं बरं आहे म्हणाले, सगळं आठवतं. औषधवाल्यांचंही. सभेत ढाल स्वीकारताना सरांनी माझे आभार मानले, असं मागून कळलं. बाईंचं मी विचारलं नाही.

आज सकाळी पत्रकावरची शेवटची ओळ भरली. पंचवीस ओळींचं असतं ते. त्यातल्या सोळा माझ्या, सगळ्या दहापैकी दहा.

आता चार वाजलेत. जुन्या पत्रकाखाली एक कोरं पत्रक चिकटवलेलं आहे, कड सरळ, कोपरे बोटाने दाबून बसवलेले. मैदा शिजवून केलेली खळ अजून ओली आहे. आम्ही बाटलीतला गोंद वापरतो. बाबा गेल्यापासून या खोलीत खळ शिजवलेली नाही.